आउटबोर्ड इंजिनाचा इलेक्ट्रिक स्टार्टर: दोष कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी

बोटीच्या मागे बसवलेले आउटबोर्ड इंजिन किल्ली फिरवूनही फिरले नाही, की पहिला संशय स्टार्टर मोटरवर जातो आणि अनेकदा कोणतीही मोजणी न करता नवी मोटर मागवली जाते. प्रत्यक्षात बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या मार्गात केबल, थिंबल (केबलीच्या टोकाचा धातूचा जोड), फ्युज, स्विच, सोलेनॉइड (थोड्या विजेने ओढला जाणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच) आणि अर्थचे (निगेटिव्हच्या परतीच्या बाजूचे) जोड असे अनेक भाग येतात आणि खाऱ्या, दमट हवेत मोटरच्या आधी हेच भाग खराब होतात. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: मोटर खोलण्यापूर्वी भार असताना, म्हणजे मोटर प्रवाह ओढत असताना, व्होल्टेज मोजावे आणि ते नेमके कोठे कमी होते हे पाहून मगच पान्हा हातात घ्यावा. या कामाला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर काम अधिक सोपे होते.

दोन मार्ग समजून घ्यावेत

स्टार्टरच्या यंत्रणेत विजेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. पहिला जाड केबलींचा मार्ग बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून सोलेनॉइडच्या एका मोठ्या टर्मिनलवर येतो, दुसऱ्या मोठ्या टर्मिनलवरून मोटरमध्ये जातो आणि मोटरच्या आवरणातून, इंजिनाच्या ब्लॉकमधून व जाड काळ्या केबलमधून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परत येतो. इंजिनाच्या आकारानुसार या मार्गातून शंभराहून कमी अँपिअरपासून दोनशे अँपिअरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक प्रवाह वाहतो. दुसरा मार्ग बारीक तारांचा, म्हणजे नियंत्रणाचा असतो. तो फ्युजमधून किल्लीच्या स्विचकडे, तेथून न्यूट्रल स्विचमधून (गिअर न्यूट्रलमध्ये असतानाच जुळणाऱ्या) सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलकडे जातो आणि कॉइलमधून अर्थला मिळतो. या मार्गातला थोडासा प्रवाह सोलेनॉइडच्या आतली पट्टी ओढून धरतो, तेव्हा जाड मार्ग पूर्ण होतो. दोष या दोघांपैकी कोणत्या मार्गात आहे हे ठरले की निम्मा शोध संपतो.

काही मोठ्या चार-स्ट्रोक इंजिनांत सोलेनॉइड मोटरवरच बसवलेला असतो आणि तोच पिनियन (इंजिनाच्या जड दातेरी चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, अडकणारे लहान दातेरी चाक) पुढे ढकलतो, तर काही नव्या इंजिनांत स्टार्टरचा रिले इंजिनाच्या संगणकाच्या आज्ञेवर चालतो. अशा इंजिनांच्या वायरिंगचा नकाशा आधी पाहून घ्यावा. मोजणीचे तत्त्व मात्र सर्वत्र तेच राहते.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांची गाठ पडू देऊ नये. इंजिनाचे झाकण काढून काही मिनिटे हवा खेळू द्यावी, इंधनाची नळी गळत नाही ना हे पाहावे आणि बॅटरी बंद पेटीत असेल तर ती पेटीही उघडी ठेवावी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून प्रोपेलरजवळ कोणी नाही याची खात्री करावी. शक्य असल्यास प्रोपेलर उतरवूनच ठेवावा. तपासणीच्या वेळी इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगच्या तारा काढून त्यांची टोके इंजिनाच्या धातूला नीट जोडावीत. ती मोकळी लोंबकळत ठेवली तर इग्निशनच्या भागांना इजा होऊ शकते. किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढल्यावर बहुतेक इंजिने पेटत नाहीत पण फिरतात, तर काही इंजिनांत दोरी काढलेली असताना स्टार्टरही चालत नाही. त्यामुळे ‘बिघाड’ शोधण्यापूर्वी ही दोरी जागेवर आहे का हे एकदा पाहून घ्यावे.

फ्लायव्हील उघडे असताना सैल कपडे, दोऱ्या आणि हात त्यापासून दूर ठेवावेत. केबल सोडवायची असेल तर आधी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह काढावी. जोडताना क्रम उलटा ठेवावा. चुकून ध्रुव उलटे जोडले गेले तर रेक्टिफायरमधले (इंजिनाची वीज बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या भागातले) डायोड क्षणात जळतात.

इंजिन काय सांगते ते ऐकावे

किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज हाच पहिला पुरावा आहे. काहीच आवाज येत नसेल तर दोष बहुधा नियंत्रणाच्या मार्गात असतो किंवा बॅटरी पूर्ण उतरलेली असते. एकच ठळक ‘टक्’ होऊन शांतता पसरत असेल तर सोलेनॉइड ओढला जात आहे, पण मोटरला प्रवाह पोहोचत नाही, किंवा मोटर अथवा इंजिन जाम आहे. टकटकटक असा भरभर आवाज येत असेल तर भार पडताच व्होल्टेज कोसळते आणि सोलेनॉइड पुन्हा पुन्हा सुटतो; याचे कारण जवळजवळ नेहमी उतरलेली बॅटरी किंवा सैल जोड हेच असते. इंजिन रडतखडत फिरत असेल तर बॅटरी, केबल, ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि इंजिनातील यांत्रिक अडथळा या चारही शक्यता उरतात. मोटर घूंऽऽ करून मोकळीच फिरत असेल आणि फ्लायव्हील जागचे हलत नसेल, तर विजेचा मार्ग सोडून बेंडिक्सकडे, म्हणजे पिनियनला फ्लायव्हीलपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेकडे, वळावे.

किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरत राहत असेल, तर सोलेनॉइडचे संपर्क वितळून चिकटले आहेत किंवा किल्लीचा स्विच अडकला आहे. इंजिन सुरू झालेले असेल तर आधी ते बंद करावे आणि ताबडतोब बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. हा स्विच सामानाखाली दडवून ठेवू नये, याचे हेच एक मोठे कारण आहे.

बॅटरी

रात्रभर चार्जरशिवाय ठेवलेली १२ व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटरवर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते आणि १२ च्या खाली गेली असेल तर पुढची कोणतीही मोजणी करण्यापूर्वी ती चार्ज करावी. स्थिर अवस्थेतल्या या आकड्यावर मात्र विसंबून राहू नये, कारण आतून जीर्ण झालेली बॅटरीही विश्रांतीनंतर १२.६ दाखवते आणि भार येताच कोसळते. म्हणून मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर टेकवून ठेवावीत आणि दुसऱ्या व्यक्तीला किल्ली फिरवायला सांगावी. इंजिन फिरत असताना व्होल्टेज १० च्या वर टिकले तर बॅटरी बहुधा ठीक आहे, ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी कमजोर आहे किंवा मोटर नेहमीपेक्षा फार जास्त प्रवाह ओढत आहे. चांगली बॅटरी तात्पुरती जोडून पाहिली की या दोहोंतला फरक लगेच कळतो.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर फिरवू नये आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी एक-दोन मिनिटे थांबावे. आउटबोर्डचा स्टार्टर थोड्या वेळासाठीच बनवलेला असतो. सतत फिरवल्यास त्याच्या आतले जोड वितळतात आणि मूळ किरकोळ दोषाच्या जागी खरोखरच जळलेली मोटर हाती येते.

नियंत्रणाचा मार्ग

किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइड ‘टक्’ करत नसेल तर मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवरील येणाऱ्या तारेला लावावे. किल्ली स्टार्टच्या जागी धरली असता तेथे बॅटरीइतके व्होल्टेज आले, तर किल्ली, फ्युज आणि न्यूट्रल स्विच निर्दोष ठरतात. दोष सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये किंवा तिच्या अर्थच्या तारेत असतो. त्यानंतर लाल टोक दुसऱ्या लहान टर्मिनलवर ठेवून किल्ली पुन्हा फिरवावी. तेथे शून्याच्या जवळ आकडा हवा. तेथेही १२ व्होल्ट दिसत असतील तर कॉइल शाबूत आहे आणि तिची काळी अर्थची तार तुटली किंवा गंजली आहे. दहा मिनिटांच्या या दुरुस्तीसाठी नवा सोलेनॉइड घेतला जातो, असे बरेचदा घडते. काही इंजिनांत न्यूट्रल स्विच कॉइलच्या अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे ही तार कोठे जाते हे पाहूनच निष्कर्ष काढावा.

लहान टर्मिनलवर व्होल्टेज येतच नसेल तर मागे मागे जावे. इंजिनावरचा मुख्य फ्युज काढून मीटरने तपासावा, कारण नुसते पाहून केसाएवढी भेग दिसत नाही. इंजिन आणि बोट यांच्यामधला अनेक पिनांचा मोठा प्लग उघडून त्यातल्या पिना हिरव्या पडल्या आहेत का ते पाहावे. गिअरचा दांडा न्यूट्रलच्या आसपास किंचित पुढेमागे हलवत किल्ली फिरवावी. असे केल्यावर इंजिन फिरले तर न्यूट्रल स्विच सरकला आहे किंवा गिअरच्या केबलची जुळणी बिघडली आहे. हा स्विच तार जोडून कायमचा वगळू नये. गिअरमध्ये असताना इंजिन सुरू झाले तर बोट झटक्याने निघते आणि माणूस पाण्यात फेकला जातो, म्हणूनच तो बसवलेला असतो.

सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलांवर पेचकस आडवा टाकून मोटर फिरते का हे पाहण्याची सवय अनेकांना असते. तिच्यामुळे मोठी ठिणगी पडते, आणि तीही इंधनाच्या नळ्यांच्या शेजारी, म्हणून ती टाळावी. दाबाचे बटण असलेली एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून लहान टर्मिनलपर्यंत जोडली की हीच परीक्षा सुरक्षितपणे होते.

व्होल्टेज कोठे हरवते

सोलेनॉइड ‘टक्’ करतो पण मोटर फिरत नाही किंवा मंद फिरते, तेव्हा खरे काम सुरू होते. जाड केबलीचा रोध ओहममध्ये मोजून काहीच कळत नाही. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असेल तर साधा मल्टिमीटर तो विश्वासाने दाखवू शकत नाही; पण त्यातून १५० अँपिअर वाहताना तेथेच १.५ व्होल्ट खर्च होतात आणि २२५ वॉट उष्णता निर्माण होते. उलट, आतून कुजून दोनचार तंतूंवर तगलेली केबल भार नसताना दुसऱ्या टोकाला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. त्यामुळे मोजणी भाराखालीच करावी लागते.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या टोकावर आणि काळे टोक मोटरच्या टर्मिनलच्या आट्यांवर टेकवावे. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे: मीटरचे टोक केबलीच्या क्लॅम्पवर (पकडीवर) किंवा थिंबलवर टेकवू नये, थेट शिशावर आणि आट्यांवर टेकवावे, अन्यथा क्लॅम्प आणि शिसे यांच्यामधला खराब जोड मोजणीतून निसटतो. किल्ली फिरवल्यावर दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असावा. नंतर लाल टोक मोटरच्या उघड्या धातूच्या आवरणावर आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर ठेवून हीच कृती करावी, येथे ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा.

एखाद्या बाजूचा आकडा मोठा आला तर तोच मार्ग तुकड्यातुकड्याने मोजत जावा: शिसे ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचे दुसरे टोक, सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलांच्या मधे, आणि पुढे मोटरपर्यंत. चांगल्या जोडावर एक दशांश व्होल्टहून जास्त पडता कामा नये. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलांमध्ये ०.३ पेक्षा जास्त आकडा आला तर त्याचे आतले संपर्क जळाले आहेत. किल्ली फिरवून ‘टक्’ झाल्यावरही तेथे पूर्ण १२ व्होल्ट दिसत राहिले तर संपर्क मुळीच जुळत नाहीत. मोजणीच्या वेळी सोलेनॉइड ओढलेला असायला हवा, नाहीतर हा आकडा फसवतो.

दोन्ही बाजूंचे आकडे चांगले आहेत, मोटरच्या टर्मिनलवर दहाच्या आसपास व्होल्ट पोहोचतात आणि तरीही मोटर मंद किंवा स्तब्ध आहे, असे सिद्ध झाल्यावरच मोटर किंवा इंजिन दोषी ठरते. क्लॅम्प मीटर असेल तर येथे आणखी एक धागा मिळतो. प्रवाह नेहमीपेक्षा फार जास्त आणि वेग कमी, म्हणजे इंजिन अडखळते आहे, बुशिंग (दांड्याचा आधार) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) चुंबकांना घासते आहे किंवा आतली गुंडाळी शॉर्ट झाली आहे. प्रवाह कमी आणि वेगही कमी, म्हणजे ब्रश किंवा कम्युटेटर (आर्मेचरवरचा, ब्रश ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) खराब आहे.

मोटर काढण्यापूर्वी सर्व स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. बहुतेक आउटबोर्ड वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात. ते सहज फिरायला हवे. प्लगच्या छिद्रातून पाणी आले तर सिलिंडरमध्ये पाणी शिरले आहे, आणि तेव्हा स्टार्टरचे काम बाजूला ठेवून इंजिन वाचवण्याकडे आधी लक्ष द्यावे लागते.

जोडांची दुरुस्ती

थिंबल काढून ते आणि त्याखालचा पृष्ठभाग धातू चमकेपर्यंत घासावा. बॅटरीवरचे पांढरे-हिरवे क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. जोडताना थिंबल थेट संपर्काच्या पृष्ठभागावर बसावे आणि वॉशर त्याच्या वर यावेत. वॉशर मधे आला तर सगळा प्रवाह त्या स्टीलच्या चकतीतून जातो. हाताने आवळायचे पंखांचे नट कंपनाने ढिले होतात, म्हणून त्यांच्याऐवजी स्प्रिंग वॉशरसह षटकोनी नट वापरावेत. केबलीचे आवरण टोकापाशी थोडे कापून पाहिल्यावर तांबे काळे दिसले तर केबल बदलावीच. चकचकीत भाग सापडेपर्यंत कापत जाण्यात फारसा अर्थ नसतो. नवी केबल कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची, मूळ जाडीची किंवा त्याहून जाड घ्यावी, थिंबल योग्य हत्याराने दाबून बसवावे आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी.

सोलेनॉइड बदलताना मोटारगाडीचा स्वस्त सोलेनॉइड बसवण्याचा मोह टाळावा. गाडीच्या अनेक सोलेनॉइडांत कॉइलचा अर्थ आवरणातून मिळतो, तर आउटबोर्डमध्ये त्यासाठी बहुधा स्वतंत्र टर्मिनल असते. शिवाय सागरी सोलेनॉइड आतली ठिणगी बाहेर पडू नये अशा रीतीने बंद केलेला असतो.

मोटर उघडणे

बॅटरी सोडवून मोटरची केबल काढावी. टर्मिनलवर दोन नट असतील तर खालचा नट एका पान्ह्याने धरून वरचा सोडवावा. धरला नाही तर संपूर्ण खुंटी फिरते आणि आतली ब्रशची तार किंवा इन्सुलेशन तुटते. उघडण्यापूर्वी आवरण आणि दोन्ही टोकांची झाकणे यांवर जुळणीच्या रेघा ओढाव्यात. लांब बोल्ट काढल्यावर खालचे झाकण हळूच सरकवावे आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघतात याचे छायाचित्र काढावे.

ब्रशची शिल्लक लांबी इंजिनाच्या पुस्तिकेतील किमान मापाशी ताडून पाहावी. पुस्तिका नसेल तर नव्या ब्रशच्या निम्म्यावर आलेला ब्रश बदलावा. ब्रश आपल्या घरात न अडकता सरकला पाहिजे आणि स्प्रिंगने त्याला ठामपणे दाबले पाहिजे. कम्युटेटर काळा किंवा चिकट असेल तर ४०० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून तो तांबूस चमकेपर्यंत घासावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांमधल्या फटीत अडकतात. पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल तर पातळ केलेल्या हॅक्सॉ ब्लेडने तो सुमारे अर्धा मिलिमीटर खाली उतरवावा आणि सर्व चुरा कुंचल्याने साफ करावा.

मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का हे दाखवणाऱ्या जागी) ठेवून शेजारशेजारच्या पट्ट्या परस्परांशी जोडलेल्या आहेत ना आणि कोणतीही पट्टी आर्मेचरच्या दांड्याशी जोडलेली नाही ना, हे तपासावे. पट्टी दांड्याला लागत असेल, वितळलेले कथिल आवरणाच्या आत उडालेले दिसत असेल किंवा आतली चुंबके सुटली असतील, तर दुरुस्तीपेक्षा नवी मोटर योग्य. आवरणावर हातोडी मारू नये. चुंबक ठिसूळ असतात आणि तडकतात.

परत जोडताना कायमचे चुंबक आर्मेचरला एकदम आत खेचतात, त्यामुळे दांडा घट्ट धरून तो हळूहळू खाली सोडावा आणि बोटे कडेपासून दूर ठेवावीत. ब्रश मागे दाबून धरण्यासाठी इंग्रजी यू आकारात वाकवलेली पत्र्याची पातळ पट्टी उपयोगी पडते. कम्युटेटर आत आला की ती ओढून घ्यावी. बुशिंगला अगदी थोडे वंगण पुरते, जास्त लावलेले ब्रशवर उडते. मोटर शिकंज्यात धरून जंपर केबलने दोन-तीन सेकंद फिरवून पाहावी. सुरू होताना ती जोरात झटका देते, म्हणून ती हातात धरू नये.

बेंडिक्स

बहुतेक आउटबोर्डांत मोटर उभी बसवलेली असते आणि ती एकदम वेग घेते तेव्हा बेंडिक्सचा पिनियन दांड्यावरच्या तिरप्या आट्यांवरून वर चढून फ्लायव्हीलच्या दातांत अडकतो. आट्यांवर गंज, मीठ किंवा घट्ट झालेले जुने ग्रीस असेल तर पिनियन चढत नाही आणि मोटर मोकळी फिरते. येथे जास्त ग्रीस लावणे हेच अनेकदा बिघाडाचे मूळ असते. सगळे जुने वंगण सॉल्व्हंटने धुऊन आटे पूर्ण कोरडे करावेत आणि पुस्तिकेत सांगितले असेल तेवढाच हलक्या तेलाचा हात द्यावा. पिनियन बोटाने फिरवत वर नेला की सहज चढावा आणि सोडल्यावर स्प्रिंगने परत यावा. दात गोल झाले असतील तर पिनियन बदलावा आणि फ्लायव्हीलची पूर्ण फेरी फिरवून त्याचेही दात तपासावेत. बॅटरी कमजोर असेल तरीही मोटर पुरेसा झटका देत नाही आणि पिनियन अर्ध्यातून परततो, हे ध्यानात ठेवावे.

बसवणे आणि अखेरची तपासणी

मोटरला अर्थ तिच्या बैठकीतूनच मिळत असल्याने बैठकीचे दोन्ही पृष्ठभाग रंग आणि गंज काढून स्वच्छ करावेत. बोल्टांच्या आट्यांना सागरी ग्रीस लावावे, संपर्काच्या पृष्ठभागावर नव्हे. टर्मिनल आवळल्यावर गंजरोधक फवारा मारून रबरी टोपी परत चढवावी. त्यानंतर व्होल्टेजच्या दोन्ही मोजण्या पुन्हा कराव्यात आणि ते आकडे लिहून ठेवावेत. पुढच्या हंगामात तुलना करायला ते उपयोगी पडतात.

स्पार्क प्लग आणि तारा जागेवर बसवून इंजिन पाण्यात किंवा पाण्याच्या जोडणीवर सुरू करावे, कारण कोरडे चालवल्यास पाण्याच्या पंपाचे रबरी पाते काही सेकंदांत खराब होऊ लागते. मध्यम वेगाला बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा साडेबाराच्या आसपासच रेंगाळत असेल तर बॅटरी चार्ज होत नाही आणि स्टार्टर कितीही चांगला असला तरी काही दिवसांत तीच तक्रार परत येईल. अशा वेळी रेक्टिफायर, स्टेटर (वीज निर्माण करणाऱ्या गुंडाळ्या) आणि त्यांचे जोड तपासावे लागतात. ही मोजणी करताना इंजिन चालू असेपर्यंत बॅटरीची कोणतीही केबल काढू नये, कारण व्होल्टेज अचानक उसळून रेक्टिफायर जळतो.